सतरा नंबरचा फॉर्म

मुंबईतली रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही. उपनगरातल्या माणसाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. पण घाटकोपरच्या एखाद्या रिक्षावाल्याचा पोरगा डोंगरीच्या निरीक्षणगृहात असेल, तर हाच नियम टोचायला लागतो. गाडी दारात उभी, गॅस भरलेला, आणि पोराच्या तारखेला जाताना ती तिथेच ठेवून बापाला लोकल धरावी लागते. तीही धीमी, कारण सँडहर्स्ट रोडला फास्ट गाडी थांबत नाही. मुलुंडहून येणाऱ्यांची तीच गत. अंधेरीची आई हार्बरने वडाळ्यावरून येते, बोरिवलीची आधी अंधेरीला किंवा दादरला गाडी बदलते. सँडहर्स्ट रोड हे दुमजली स्टेशन आहे, खाली मेन लाइन आणि डोक्यावर हार्बर. तिथून पायी उमरखाडीतलं ते निरीक्षणगृह. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधारची झेरॉक्स, रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि घरात सापडलाच असेल तर पोराचा शाळेचा दाखला. चार घरची कामं करणारी बाई असेल तर त्या दिवशी चारही घरी खाडा.

हा सगळा लेख त्या पिशवीतल्या कागदांविषयी आहे. सतरा वर्षांचा मुलगा गुन्हा करून बसतो आणि मग 'सुधारतो' म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात पश्चात्ताप, समुपदेशन, एखादे प्रेमळ गुरुजी असं काहीबाही होतं. आता वाटतं, पोराचं मन वळतं तेव्हा वळतं. त्याचं आयुष्य वळायला मात्र पाच-सहा मोठ्या माणसांनी पाच-सहा कागद वेळेवर भरावे लागतात. त्यातला एक जरी राहिला तरी वळलेलं मन घेऊन पोरगा नाक्यावर उभा.

मुलाचं नाव लिहिणार नाही. लिहिता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, त्याची ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पत्रकाराला हा नियम जाचक वाटतो, कारण आम्हाला चेहरा लागतो. पण सतराव्या वर्षीचा चेहरा सत्ताविसाव्या वर्षी गूगलवर सापडू नये, यासाठीच तो केलेला आहे. तेव्हा या लेखातला मुलगा मी जुळवलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या भोवतीचं बाकी सगळं, म्हणजे भिंती, कलमं, मुदती आणि फॉर्म, खरं आहे.

तर समजा, असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतला मुलगा. वय सतरा वर्षं चार महिने. लॉकडाऊनमध्ये घरात एकच मोबाइल आणि तो बापाच्या खिशात, त्यामुळे शाळेशी धागा तुटला तो तुटलाच. नववीत नाव पटावरून गेलं. मग गॅरेज, मग लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम, मग वस्तीतल्या एकवीस वर्षांच्या 'भाई'च्या मागे बाइकवर. एका रात्री एलबीएस मार्गावर चालत्या माणसाला ढकलून मोबाइल खेचला. दोघंही सापडले.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे आणि मुलाची पुढची दहा वर्षं तिच्यावर लटकलेली आहेत. नुसता धक्का देऊन मोबाइल घेतला तर ती जबरी चोरी. तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण कमीत कमी किती हे कायदा सांगत नाही. म्हणून बाल न्याय कायद्याच्या हिशेबात तो 'गंभीर' गुन्हा. पण खिशातला चाकू बाहेर काढून त्या माणसाला दाखवला असेल, तर जीवघेणं हत्यार वापरून केलेल्या जबरी चोरीला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, आणि किमान सात वर्षं म्हटलं की गुन्हा 'निर्घृण' या वर्गात जातो. सोळा पूर्ण केलेल्या मुलाच्या बाबतीत मग बाल न्याय मंडळाला आधी तपासावं लागतं की याला हे करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत केलं. आणि त्यानंतर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायला बाल न्यायालयात पाठवता येतो. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जो संताप उसळला, त्यातून हे कलम १५ आलं. थोडक्यात, चाकू भाईच्या हातात होता की पोराच्या, आणि तो उघडला की नाही, हे जबाबात कोण कसं लिहितं यावर सगळं. भाजी चिरायचा चाकू असला तरी.

आमच्या मुलाचा चाकू खिशातच राहिला असं धरून पुढे जाऊ.

कागद पहिला: तो किती वर्षांचा आहे. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. ऐकायला सोपं आहे. पण महाराष्ट्रात एक अख्खी पिढी एक जूनला जन्मलेली आहे हे आपल्याला ठाऊक आहे. बाप पोराला शाळेत घेऊन गेला, तारीख आठवेना, गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या महिन्याची पहिली तारीख टाकून दिली. आपल्या घरातले काका-मामा आठवून बघा. निवृत्तीच्या वेळी त्याची गंमत होते. पोलीस ठाण्यात गंमत होत नाही. सतरा की अठरा, एवढ्यावर पोरगा डोंगरीला जाणार की आर्थर रोडच्या तुरुंगात हे ठरतं.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९९४ मध्ये पुण्यात एका घरात सात जणांची हत्या झाली. त्यात पकडलेल्या एकाला १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेत त्याचं नाव वेगळं होतं आणि त्या नावाच्या नोंदीत त्याची खरी जन्मतारीख पडून होती. ती नोंद न्यायालयाने ग्राह्य धरली ती २७ मार्च २०२३ ला. गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. बाल कायद्याखाली त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता, त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत. नागपूरच्या तुरुंगातून सुटला तेव्हा चाळिशी उलटली होती. तुरुंगात तो शिकला, एम.ए. झाला. गुन्हा किती क्रूर होता हे मी विसरत नाही, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना हे सगळं वाचून काय वाटेल तेही डोळ्यांपुढे आहे. तरीही एक शालेय रजिस्टर कित्येक वर्षं कुणी उघडलं नाही, ही गोष्ट आहे तिथेच राहते.

आमच्या मुलाचा दाखला महापालिकेच्या शाळेत आहे. आई तो आणायला गेलेली नाही, कारण शाळा सुटली तेव्हा लागला नाही. तिला तो आता पहिल्यांदा लागतोय.

डोंगरीची ती इमारत म्हणजे पूर्वीचा तुरुंगच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, दगडी, उंच भिंतींचा. मराठी वाचकाचं तिच्याशी जुनं नातं आहे. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १७ जुलै १८८२ रोजी इथे आले आणि २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं. दोघंही तेव्हा सव्वीस वर्षांचे. आणि त्यांनी छापलेली पत्रं कशाबद्दल होती? कोल्हापूरच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, वेडे ठरवून कोंडून ठेवलं आहे आणि त्यांचा छळ होतो आहे, याबद्दल. पत्रं बनावट निघाली, पण तो तरुण राजा पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावला. कोंडलेल्या पोराची बाजू घ्यायला गेलेले दोन संपादक ज्या तुरुंगात बसले, तिथेच नंतर पोरांना ठेवायला लागले. योगायोगच, पण डोंगरीच्या फाटकासमोरून जाताना तो डोक्यातून जात नाही.

मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचा विचार मुंबईला फार उशिरा सुचला असंही नाही. माहीमचं डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल सुधारगृह म्हणून उभं राहिलं ते १८५७ मध्ये. अमेरिकेत शिकागोला १८९९ मध्ये जगातलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. मुंबई इलाख्याचा बाल कायदा १९२४ चा, आणि तो राबवण्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ मध्ये स्थापन झाली. डोंगरीचं निरीक्षणगृह, मानखुर्दची बालगृहं तिच्याच कारभाराखाली चालत आली. तरी देशभर हजारो मुलं मोठ्यांच्या तुरुंगात सडत होती. ते चव्हाट्यावर आणलं मुंबईच्या मुक्त पत्रकार शीला बारसे यांनी. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोळा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगात ठेवू नका असं राज्यांना बजावलं, आणि त्याच वर्षी पहिला देशव्यापी बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यांची वयोमर्यादा सोळा होती. २००० मध्ये ती अठरा झाली.

लोकांच्या तोंडचे शब्द मात्र बदलले नाहीत. कायदा म्हणतो 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. म्हणून बघा मोठ्याने. मुलाला तर नाहीच, पण शिपायालाही तो शब्द एका दमात म्हणता येत नाही. लोक 'रिमांड होम' म्हणतात, 'बालसुधारगृह' म्हणतात, आणि आया नुसतं 'डोंगरी' म्हणतात. लहानपणी अभ्यास केला नाही तर 'डोंगरीला टाकीन' ही धमकी आमच्या चाळीत सर्रास होती. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे'मध्ये (१९८८) रस्त्यावरची पोरं बालगृहाला 'चिल्लर रूम' म्हणतात. चिल्ड्रनचं चिल्लर झालं. यापेक्षा नेमका शब्द सरकारी परिभाषा कोशात सापडणार नाही.

मुलाला कोठडीत टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणावं लागतं, आणि त्याच्याशी बोलणारा पोलीस वर्दीत नसावा असं नियम सांगतात. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक स्त्री. खोली कोर्टासारखी दिसू नये, उंच चौथरा नसावा, साक्षीदाराचा पिंजरा नसावा. घरचे त्याला 'बोर्ड' म्हणतात आणि तिथल्या दिवसाला 'तारीख'. आईला चौथऱ्याचा फरक कळत नाही. टेबलामागे माणसं बसली आहेत आणि आपल्याला नीट उत्तर द्यायचं आहे, एवढंच तिला कळतं.

जामीन हा इथे नियम आहे. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. न सोडायची कारणं तीनच: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आता पहिलं कारण घ्या. भाई त्याच गल्लीत राहतो. भाईची आई आणि मुलाची आई एकाच नळावर पाणी भरतात. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने संगत बदलायची म्हणजे घर बदलायचं, आणि घर बदलायचं म्हणजे डिपॉझिट. टॉवरमधल्या मुलाची संगत बदलायला शाळा बदलली की भागतं, फार तर मावशीकडे बंगळुरूला. कलम दोघांना एकच आहे.

इथे पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मंडळाकडून काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. देश खवळला. तीन दिवसांत मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. त्या निबंधावर खूप विनोद झाले. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. निबंध लिहायला लावणं, समुपदेशन, वाहतूक पोलिसांसोबत काम, घरी सोडणं हे सगळं कायद्यात बसतं आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तेच शहाणपणाचंही आहे. चीड यावी ती त्या तत्परतेची. असल्फ्याच्या मुलासाठी जामिनाचा कागद त्याच वेगाने हलला असता का? त्याच्यासाठी वकील आधी शोधावा लागतो, मग विधी सेवा प्राधिकरणाचा मिळतो, मग हमीपत्रावर सही करायला बापाला त्या दिवशी रिक्षा बंद ठेवावी लागते. आणि खरं सांगायचं तर तीनशे शब्द लिहायला सांगितले असते, तर आमच्या मुलाला ते लिहिता आले नसते.

कागद दुसरा: परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. मुलं त्यांना 'पीओ मॅडम' किंवा 'पीओ सर' म्हणतात. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरी जायचं, शेजाऱ्यांना न कळू देता चौकशी करायची (वस्तीत हे कसं करतात देव जाणे), घरात कमावतं कोण, दारू कोण पितं, मुलगा कोणती नशा करतो, शाळा का सुटली, मारहाण होते का, हे विचारायचं. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. मंडळाला मुलगा दिसतो पाच-दहा मिनिटं. मुलाचं घर दिसतं ते या अहवालातून. अहवालात 'कौटुंबिक वातावरण पोषक नाही' असं एक छापील वाक्य आलं की संपलं. 'वडील रात्रपाळीला रिक्षा चालवतात, आई सकाळी सहाला बाहेर पडते, सहा ते रात्री आठ मुलाला विचारणारं कुणी नाही. नाहूरला काका आहेत, वेल्डिंगचं काम करतात, मुलाला ठेवून घ्यायला तयार आहेत' असं आलं तर मंडळाच्या हातात काहीतरी येतं. हे दुसरं वाक्य लिहायला नाहूरला जाऊन यावं लागतं. पीओंकडे एका वेळी किती मुलं असतात आणि प्रवासाला किती वेळ मिळतो, यावर नाहूरची फेरी अवलंबून.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार देवनारला, म्हणजे मानखुर्दच्या बालगृहांपासून जवळच. तिथून १९९० पासून चालणारा 'प्रयास' प्रकल्प तुरुंगातल्या तरुणांसोबत काम करतो, आणि बाल न्यायावर काम करणाऱ्या तिथल्या कार्यकर्त्यांनी मंडळांच्या आवारात मदतकक्ष चालवले आहेत. मदतकक्ष म्हणजे काय, तर बाकावर बावरून बसलेल्या आईला कुणीतरी विचारतं, 'ताई, तारीख कुणाची? दाखला आणलाय का?' या प्रश्नाची किंमत तिला विचारा.

आत मुलं काय करतात? नियमावलीत दिनक्रम आहे, शिक्षण, खेळ, हस्तव्यवसाय आहे, मुलांच्या समित्या आहेत, सूचनापेटी आहे, प्रत्येकाचा वैयक्तिक काळजी आराखडा आहे. हे वाचताना एक गोष्ट निसटते. निरीक्षणगृह हे चौकशी चालू असेपर्यंत ठेवायची जागा आहे. चौकशी चार महिन्यांत संपवायची, गरज पडली तर दोन महिने वाढवून. जामीन झाला तर मुलगा त्याआधीच बाहेर. तेव्हा आत सुरू केलेला शिवणाचा, मोबाइल दुरुस्तीचा, संगणकाचा वर्ग अर्धाच राहणार, आणि राहायलाच हवा. मुलाने कोर्स पुरा करण्यासाठी कोंडून राहावं असं कुणी म्हणणार नाही. दोषी ठरला तरी कलम १८ मधल्या बहुतेक वाटा घराकडेच जातात: समज देऊन सोडणं, गटात समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत आई-बापांच्या ताब्यात. विशेष गृहात पाठवणं हा शेवटचा उपाय, तोही तीन वर्षांच्या आत. म्हणजे 'सुधारगृहात सुधारून येतो' हा आपला समज कायद्यालाच मान्य नाही. कायद्याने सुधारायचं काम असल्फ्याच्या त्या खोलीकडे सोपवलं आहे. खोलीला ते सांगितलेलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ मध्ये देशभरात मुलांनी केल्याचे ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्यातले ४,४०६ महाराष्ट्रात, राज्यांमध्ये सर्वाधिक. या नोंदींत वर्षानुवर्षं दोन गोष्टी दिसतात. बहुतेक मुलं सोळा ते अठरा वयाची असतात, आणि बहुतेक आई-बापांजवळ राहणारी. बेघर, अनाथ पोरं थोडी. आपल्या सिनेमांनी मनात बसवलेलं चित्र याच्या उलट आहे.

तर मुलगा घरी येतो. पहिल्या आठवड्यात सगळे गोड वागतात. दुसऱ्या आठवड्यात बाप टोमणा मारतो. भाई मोठ्यांच्या तुरुंगातून जामिनावर येतो आणि पहिल्यांदा याच्याच दारावर येतो, कारण याने पोलिसांत काय सांगितलं हे त्याला बघायचं असतं. गल्लीत कुणाचा मोबाइल गेला की लोकांची नजर याच्याकडे वळते. मुलाने मनात काहीही ठरवलं असो, हे दिवस काढायला त्याला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा जायला एक जागा हवी असते. पुष्कळ भाषणं ऐकून माझं याहून जास्त काही मत बनलेलं नाही. एक जागा, जिथे तो गेला नाही तर कुणीतरी फोन करेल.

अशा जागा उपनगरात नाहीत असं नाही. मुलुंडला, अंधेरीला, बोरिवलीला सरकारी आयटीआय आहेत. अंधेरीची एमआयडीसी आहे, सीप्झ आहे, सहारचा विमानतळ आहे, घरोघर पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते. विमानतळावर आणि सीप्झमध्ये शिरायला पास लागतो, पार्सलवाल्याला पोलीस पडताळणी लागते.

आणि इथे कागद तिसरा, जो नसण्यातच मुलाचं भलं आहे. कलम २४ सांगतं की या कायद्याखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपिलाची मुदत किंवा सात वर्षं गेली की दोषसिद्धीची नोंद नष्ट करायची. अपवाद फक्त सोळा पूर्ण केलेल्या, मोठ्यांसारखा खटला चाललेल्या निर्घृण गुन्ह्यांचा. कलम ७४ आणखी स्पष्ट आहे: प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा पोलिसांनी ती माहिती द्यायची नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एका तरुणाच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: अल्पवयात दाखल झालेला गुन्हा त्याच्या नोकरीच्या आड आणता येणार नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढू शकला. वाढप्याचं काम करणारा पोरगा पोलीस ठाण्याच्या खिडकीपर्यंतही जात नाही. त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं की आपलं नाव 'तिकडे' आहे. अर्जावर 'आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' असा रकाना दिसला की तो अर्ज घडी घालून खिशात ठेवतो. त्याला कलम २४ कुणी सांगितलेलं नसतं. घरी सोडताना हमीपत्रावर सही घेतात, तेव्हाच हे एका कागदावर सोप्या मराठीत लिहून हातात द्यायला काय हरकत आहे? नोंद नष्ट झाल्याचं मुलाला कळवलं जात नाही तोवर ती त्याच्या डोक्यात शाबूतच.

म्हणून मला सगळ्यात आवडतो तो चौथा कागद, सतरा नंबरचा फॉर्म.

शाळा सुटलेल्या मुलाला बाहेरून दहावीला बसवणारा हा महाराष्ट्राच्या बोर्डाचा अर्ज. गावाकडे, वस्तीत, कारखान्यात सगळ्यांना माहीत असतो. 'सतरा नंबर भरलाय' म्हटलं की समोरच्याला पुढे काही सांगावं लागत नाही. पाचवी पास असलं की पुरे. नापासांचा, पळून लग्न केलेल्यांचा, हॉटेलात काम करणाऱ्यांचा, चाळिशीत दहावी होणाऱ्या अंगणवाडी मदतनिसांचा हा फॉर्म. तो नाव विचारतो, आईचं नाव विचारतो, जन्मतारीख, माध्यम, विषय, आधीची शाळा. मधली वर्षं कुठे होतास, हे विचारत नाही. त्याला जोडायला आधार, फोटो आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणजे वय ठरवायला जो कागद लागला होता तोच.

तेव्हा आई शेवटी महापालिकेच्या शाळेत जाते. पोरगा सोबत असतो, पण फाटकाबाहेर उभा राहतो. आत बाई सांगतात की कारकून अकरानंतर येतील. कारकून येतात, जुनं रजिस्टर काढतात, बोट फिरवत ओळीवर थांबतात, आणि छापील नमुन्यावर लिहायला लागतात. विद्यार्थ्याचे नाव. आईचे नाव. जन्मस्थळ. जन्मतारीख अंकी व अक्षरी. अभ्यासातील प्रगती. मग 'वर्तणूक' असा रकाना येतो. या रकान्यात आपल्या सगळ्यांच्याच दाखल्यावर एकच शब्द असतो. कारकून तो मान वर न करता लिहितात, खाली शिक्का मारतात, आणि शाई वाळेपर्यंत दाखला आईच्या हातात देत नाहीत.

फाटकाशी पोरगा तो हातात घेतो आणि वाचायला लागतो. सावकाश वाचतो; बरीच वर्षं सवय नाही. 'वर्तणूक'पाशी येतो. पुढे 'चांगली' लिहिलेलं असतं.

'आई, हे कधीचं आहे?' तो विचारतो.

'आत्ताच लिहिलं,' आई म्हणते. 'चल, झेरॉक्स काढायची आहे.'